दोन दिवसांसाठी संभाजीनगरला येताय? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर क्रांती चौकापासून पायी दहा मिनिटांवर. त्यामुळे पाहुण्यांना आमच्याकडे उतरायला निमित्त लागत नाही. श्रावणात घृष्णेश्वरवाले येतात, दिवाळीच्या सुटीत लेणीवाले, जानेवारीत हुरडावाले. प्रश्न मात्र सगळ्यांचे तेच. फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी गाइड नाही. इथं राहणारा, इथलं खाणारा आणि पाहुण्यांना फिरवून फिरवून तयार झालेला माणूस आहे, एवढ्या भांडवलावर वाचा.

दोन दिवसांत वेरूळ, अजिंठा, देवगिरी, मकबरा, पैठण असं सगळं होतं का?

नाही होत. म्हणजे गाडी सगळीकडे जाऊन येते, माणूस जात नाही. माझ्या मावसभावानं एकदा हे करून दाखवलं. आता त्याला अजिंठ्यातलं काय आठवतं विचारलं तर पार्किंग आठवतं.

अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर आहे, पैठण पन्नासेक, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना. दोन दिवस असतील तर अजिंठा सोडा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, पाणचक्की आणि बीबी का मकबरा करा, रात्री जुन्या शहरात खा. दुसरा दिवस पूर्ण देवगिरी, खुलताबाद आणि वेरूळला द्या. तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

कुठला वार टाळायचा?

मंगळवारी वेरूळची लेणी बंद. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आमचे मेहुणे पुण्याहून पहाटे चारला गाडी काढून सहकुटुंब आले, वाटेत एकदाच चहाला थांबले, थेट वेरूळला पोचले आणि मला फोन केला, “अहो, इथं गेट लावलंय.” वार मंगळवार. मी आदल्या रात्री “या, या” म्हणालो होतो, वार विचारलाच नव्हता. बहिणीनं त्याबद्दल अजून मला माफ केलेलं नाही. त्या दिवशी मग घृष्णेश्वर आणि देवगिरीवर भागवलं. मंगळवारी ती दोन्ही उघडी असतात, हे त्यातलं सुख.

यायचं कसं, उतरायचं कुठं?

मुंबईहून वंदे भारत, जनशताब्दी, तपोवन आणि रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस. पुण्याहून रस्त्यानं नगरमार्गे साडेचार-पाच तास धरा. नागपूरकडून येणाऱ्यांचं समृद्धी महामार्गानं भलं केलंय. वेरूळ-देवगिरी करायचं असेल तर स्टेशन रोड किंवा क्रांती चौकाच्या आसपास उतरा. अजिंठ्याला जायचंच असेल तर सिडको बरं, कारण जळगावचा रस्ता त्या बाजूनं निघतो.

औरंगाबाद म्हणायचं की संभाजीनगर?

२०२३ पासून सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर. २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव बदललं, तेव्हा तिकीट काढताना नवं नाव शोधा. रिक्षावाल्याला दोन्ही कळतात. या गावाला नावं बदलायची सवय जुनीच आहे. १६१० मध्ये मलिक अंबरनं वसवलं ते खडकी म्हणून, त्याच्या मुलानं फतेहनगर केलं आणि पुढं औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना औरंगाबाद झालं.

कुठल्या महिन्यात यावं?

एप्रिल-मे सोडून कधीही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा दगड रात्रीपर्यंत तापलेला राहतो. पाऊस चांगला झाला असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात वेरूळच्या २९ नंबरच्या लेण्याजवळचा धबधबा पडताना दिसतो. त्याला सीतेची न्हाणी म्हणतात. हुरड्यासाठी यायचं तर डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात.

आधी किल्ला की आधी लेणी?

सगळे आधी वेरूळला पळतात आणि परतताना दुपारी दोनला देवगिरी चढायला घेतात. उलटं करा. सकाळी थंड हवेत किल्ला, मधे खुलताबादला थांबा, आणि दुपारून वेरूळ. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारचं ऊन कैलास लेण्याच्या दर्शनी भागावर येतं आणि दगडाचा रंग उजळतो. शिवाय ऊन कितीही असलं तरी लेण्याच्या आत गारवा असतो, किल्ल्याच्या पायऱ्यांवर नसतो.

देवगिरी वयस्कर माणसांना झेपेल का?

वरपर्यंत नाही. पण वर न जाताही किल्ला वाया जात नाही, हे लोकांना पटवावं लागतं. सपाटीवर चाँद मिनार आहे, साठ मीटरहून उंच, बहमनी काळातला. भारतमातेचं देऊळ आहे. त्याच्या आवारातले खांब बघत सासूबाई तासभर रमल्या होत्या. थोडं चढलं की चिनी महाल. गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशहा, तानाशाह, इथं कैदेत होता. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या बाजूला मेंढ्याचं डोकं असलेली. मुलं तिथून हलत नाहीत.

त्यापुढं खरा किल्ला सुरू होतो. खडकात खोदलेला खंदक, त्यावरचा अरुंद पूल, आणि मग अंधारी. डोंगराच्या पोटातला हा वळणावळणाचा काळोखा जिना. शत्रू आत आलाच तर चाचपडत मरावा म्हणून केलेला. वटवाघळांचा वास नाकात बसतो. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, दोन्ही हात मोकळे राहतील अशी बॅटरी हवी. गुडघे दुखणाऱ्यांनी अंधारीच्या अलीकडून परत फिरावं.

असा किल्ला १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीपुढं टिकला नाही, तो लढाईपेक्षा उपासमारीमुळे. धान्याची म्हणून वर चढवलेली पोती मिठाची निघाली, असं इथं सांगतात. रामदेवराय यादवाला तह करावा लागला. पुढं १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं. त्याच्या फौजेचा आपल्या रात्रीच्या जेवणाशी संबंध आहे. ते खाली येईल.

वेरूळला किती वेळ लागतो? सगळी लेणी बघायची का?

चौतीस आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायला गेलात तर विसाव्या लेण्यापाशी घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. तीन तास असतील तर चार बघा: १६, १०, १२ आणि ३२. त्यातला निम्मा वेळ १६ ला द्या.

सोळा म्हणजे कैलास. हे लेणं म्हणायला लेणं, एरवी अख्खं देऊळ. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. आधी कळस, मग शिखर, मग खांब, शेवटी जोतं अशा क्रमानं वरून खाली कोरत आणलंय. गवंडी चुकला तर विटा काढून पुन्हा रचतो, इथं चूक झाली तर डोंगर परत कुठून आणणार? दीड-दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज सांगतात. आकड्यानं काही कळत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात उभं राहून मागच्या उभ्या कड्याकडे मान वर करून बघा, मग कळतं.

दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. खाली वीस हातांनी जोर लावणारा रावण, वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, आणि मागं एक दासी पळून चाललीय. शंकर मात्र निवांत, नुसता पाय दाबून बसलेला. माझी मुलगी लहानपणी त्या दासीलाच बघायची. “ती एकटीच शहाणी आहे,” म्हणायची.

देवळावर एकेकाळी पांढरा गिलावा होता. नीट बघितलं तर छताला रंगाचे तुकडे अजून सापडतात. लेण्याच्या बाजूनं टेकडीवर चढून वरूनही बघा, पण पावसाळ्यात घसरडं असतं आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन सेल्फी काढणाऱ्यांची तिथं कमी नाही. त्यातले तुम्ही होऊ नका.

दहा नंबरला सुतार झोपडी म्हणतात. छताला लाकडी वासे असावेत तशा दगडी कमानी आहेत. बारा नंबर तीन मजली. बत्तीस जैन लेण्यांतलं, थोडं लांब. पाय दुखत असतील तर सोडा.

तिकीट भारतीयांना वेरूळला ४० रुपये, देवगिरी आणि मकबऱ्याला २५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

घृष्णेश्वराचं दर्शन त्यातच होतं का?

होतं, लेण्यांपासून एक किलोमीटरच्या आत आहे. बारावं ज्योतिर्लिंग. आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं. पुरुषांना गाभाऱ्यात अंगातला शर्ट-बनियन काढून जावं लागतं. मोबाइल बाहेर ठेवावे लागतात. श्रावणी सोमवारी दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो, त्या दिवशी लेण्यांचा बेत ठेवू नका. गावात मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवाजी महाराजांच्या आजोबांचं हे गाव, पण रांगेतून सुटलेल्यांना गढीकडे वळायचं त्राण उरत नाही.

खुलताबादला काय आहे?

भद्रा मारुती, झोपलेला. शनिवारी गर्दी. आणि औरंगजेबाची कबर, अगदी साधी, मातीची, वर आभाळ. दोन्ही दहा-पंधरा मिनिटांचं काम.

मकबरा म्हणजे ताजमहालाची नक्कलच ना? बघायलाच हवा का?

हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. नक्कल म्हणून बघितलात तर नक्कलच दिसेल. औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगमची ही कबर. तिचा मुलगा आजमशहानं बांधून घेतली, असं सांगतात. कारागीर अताउल्ला आणि हंसपतराय. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाल्याची नोंद सांगतात. बादशहाच्या घरातलं काम आणि हिशेब आण्यापर्यंत! घुमट आणि खालचा थोडा भाग संगमरवरी, बाकी दगडावर पांढरा गिलावा. हात लावला की फरक कळतो. पैसे कमी होते म्हणून हसण्यापेक्षा कमी पैशात काय साधलं ते बघा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जा. मागं डोंगर काळपट होत जातो आणि घुमट तेवढा उजळ राहतो.

त्याच डोंगरात, दोनेक किलोमीटरवर, औरंगाबाद लेणी आहेत. पाहुण्यांपैकी दहातले नऊ तिथं जात नाहीत, आणि मी आग्रह धरतो तो नेमका तिथलाच. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, जवळजवळ आपल्या आकाराचे, हात जोडलेले. तुम्ही आत गेलात की त्यांच्याच रांगेत उभे असल्यासारखं होतं. सातव्या लेण्यात नाचणारी बाई आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाजवणाऱ्या बाया. पायऱ्या चढून जावं लागतं, पाणी सोबत ठेवा, अंधार पडायच्या आत खाली या.

पाणचक्कीत बघण्यासारखं काय?

पाणी. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरायचं. १७४४ मधली सोय. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ दळलं जायचं. मलिक अंबरनं तर त्याच्याही शंभरेक वर्षं आधी नहरींनी शहरभर पाणी खेळवलं होतं. आज आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे संभाजीनगरकर पाणचक्कीच्या हौदाकडे जरा जास्तच वेळ बघतो. तुम्हीही हॉटेलात बादली भरून वाहू देऊ नका, बहुतेक ते टँकरचं असतं.

बावन्न दरवाजे खरंच आहेत का?

म्हणायला बावन्न. उरलेत त्याहून कितीतरी कमी. मुद्दाम बघायला निघू नका, रिक्षातून जाताना आपोआप डोक्यावरून जातात. एकच थांबून बघा: भडकल दरवाजा. मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला, शहरातला सर्वांत जुना मानतात.

नान-खलिया कुठं आणि कसा खायचा?

आता तुघलकाची फौज. हजारो माणसांना वाटेत भराभर खाऊ घालायचं तर जमिनीत भट्टी खोदून नान आणि मोठ्या देगेत रस्सा, अशी सोय झाली आणि ती इथंच राहिली, असं म्हणतात. दिल्लीत तुम्हाला हा पदार्थ असा मिळणार नाही.

सिटी चौक, शहागंज, बुढी लेन या भागात जा. भट्टीच्या आतल्या भिंतीला नान चिकटवलेले असतात, वरून पिवळसर, तांबूस, हाताएवढे फुगलेले. भट्टीवाला दोन लोखंडी सळयांनी एकेक ओढून काढतो आणि टोपलीत फेकतो. खलिया पातळ असतो, हळदीनं पिवळा, वर लाल तरी. नान तोडून बुडवायचा आणि थांबायचं नाही, कारण गार झाला की चिवट होतो. चमचा मागू नका. मागितलात तर देतात, पण पोऱ्या तुमच्याकडे बघून शेजारच्या टेबलाकडे बघतो.

ऑर्डर द्यायच्या आधी विचारून घ्या: छोट्याचा की बड्याचा? छोटा म्हणजे बकऱ्याचा, बडा म्हणजे म्हशीचा. इथं हा प्रश्न कुणाला लागत नाही, बिनधास्त विचारा. रमजानच्या महिन्यात हा सगळा भाग रात्री जागा असतो, हलीमही मिळतं. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. राज्य गेलं, देग राहिली.

आम्ही शाकाहारी आहोत. मग?

मग गुलमंडी आणि औरंगपुरा. सकाळी कचोरी, पोहे. दुपारी थाळी: शहरात राजस्थानी-गुजराती पद्धतीच्या थाळ्या चांगल्या मिळतात, वाढणारे थांबत नाहीत. अजिंठ्याच्या रस्त्याला लागलात की ढाब्यांवर शेवभाजी घ्या, खानदेशचा वारा तिथूनच लागतो.

खास मराठवाडी जेवण हॉटेलात मिळतं का?

खरं सांगायचं तर फारसं नाही. येसराची आमटी लग्नात, शेंगोळे थंडीत घरी, धपाटे प्रवासात, आणि सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी दिलेला नाश्ता, कुणी माणूस ओळखीचा असेल तर. बाहेर मिळतं ते ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. तेवढ्यात समाधान माना किंवा इथं नातेवाईक शोधा.

अपवाद हुरड्याचा. शहराबाहेरच्या शेतांवर थंडीत हुरड्याचे बेत असतात, आधी सांगून जावं लागतं. आगटीत कणसं भाजतात, मग भाजणारा गरम कणीस तळहातांवर चोळतो, फुंकर मारून भुसा उडवतो आणि हिरवे दाणे थेट तुमच्या ओंजळीत टाकतो. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. हात भाजतो म्हणून ताटली पुढं करू नका, ताटलीत पडेपर्यंत हुरडा गार होतो.

पैठणी किंवा हिमरू घ्यायची आहे. फसवणूक होईल का?

होऊ शकते. एकदा पाहुण्यांसोबत केलेल्या टॅक्सीवाल्यानं “माग दाखवतो” म्हणून एका दुकानात नेलं. एक माग होता, त्यावर कुणी बसलेलं नव्हतं. चहा मात्र लगेच आला. चहा आला की समजायचं, भावात टॅक्सीवाल्याचाही वाटा आहे.

हाताच्या पैठणीचा पदर उलटून बघा. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागं सुटलेल्या धाग्यांचं जाळं नसतं. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिळून विणलेलं कापड, शाली बऱ्या मिळतात. हातमागाचं म्हणून यंत्रमागाचं खपवणारे बरेच आहेत. माग चालताना बघितल्याशिवाय जास्त पैसे देऊ नका.

रिक्षा मीटरनं जाते का?

मीटर असतं. भाडं बसायच्या आधी ठरवा. ॲपवरच्या गाड्याही मिळतात. वेरूळला मध्यवर्ती बसस्थानकातून एसटी आहे, पण देवगिरी-खुलताबादला मधे उतरत जायचं तर दिवसभराची गाडी सोयीची.

तिसरा दिवस मिळाला तर?

अजिंठा, आणि पहाटे निघा. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जावं लागतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर, फ्लॅश बंद. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अंधारात लगेच दिसत नाही. डोळ्यांना दोन मिनिटं द्या. जळगावहून अजिंठा संभाजीनगरपेक्षा जवळ पडतं, तेव्हा पुढं खानदेशात किंवा भुसावळकडे जायचं असेल तर परत शहरात येऊ नका.

परतताना काय बांधून न्यावं?

गुलमंडीची इमरती. जिलेबी मैद्याची, ही उडदाच्या डाळीची, जाड वेढ्यांची. गरम असताना तिथंच एक खा आणि मग बांधून घ्या. मेअखेरीस मराठवाड्याचा केसर आंबा. ऑक्टोबरात दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांचे ढीग लागतात. डोळे उघडलेलं फळ त्याच दिवशी खायचं, डोळे मिटलेलं न्यायचं.

आमच्या आत्यानं इमरती आणि सीताफळं एकाच पिशवीत भरली आणि पिशवी तपोवनमध्ये सीटखाली ढकलली, वर दुसऱ्यांच्या बॅगा. मनमाडला तिनं फोन केला तेव्हा इमरतीचा पाक पिशवीतून गळून समोरच्या माणसाच्या बुटापर्यंत पोचला होता आणि सीताफळांचा गर झाला होता. स्टीलचा डबा आणा, घट्ट झाकणाचा. सीताफळं मांडीवर.